कुत्र्याला ठेवून जायचंय? आधी रात्रीचं विचारा

(हा आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलतानाची अडखळ काढली आहे, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.)

दिवाळी जवळ आली, लग्नसराई सुरू झाली किंवा गणपतीला कोकणात जायचं ठरलं, की एकाच चालीचे मेसेज येतात. "आम्ही चार दिवस बाहेरगावी चाललोय, कुत्र्याला कुठं ठेवू? सातारला चांगलं बोर्डिंग सांगा की." "सांगलीत कोण आहे का ओळखीचं?"

नाव मी सांगणार नाही. एकतर मी सांगितलेली जागा सहा महिन्यांनी तशीच राहील याची खात्री नाही. आणि एका कुत्र्याला मानवलेली जागा दुसऱ्याला मानवेलच असंही नाही. पण जागा कशी पारखायची ते मात्र सांगता येतं, आणि आज तेवढंच करायचंय.

साताऱ्यात 'बोर्डिंग' म्हटलं की जुन्या माणसांना अजून कर्मवीर अण्णांचं शाहू बोर्डिंगच आठवतं, १९२४ सालचं. कुत्र्यांचं बोर्डिंग हा शब्द घरातल्या आजीला सांगून बघा, काय चेहरा होतो ते. गंमत सोडा, पण एक साम्य आहे. पोराला बोर्डिंगात ठेवताना आईबाप इमारत बघायचे नाहीत, सांभाळणारा माणूस कोण आहे ते बघायचे. कुत्र्याच्या बाबतीतही तेच बघायचंय. फरक इतकाच की पोरगं घरी आल्यावर तिथं काय झालं ते सांगू शकतं. कुत्रं सांगू शकत नाही. म्हणून सगळी चौकशी आधीच करावी लागते.

नेटवर याद्या भरपूर मिळतात. सीसीटीव्ही आहे का, एसी आहे का, खेळायला लॉन आहे का, स्विमिंग पूल आहे का. त्या याद्या चुकीच्या नाहीत, पण दुसऱ्या गावच्या आहेत. आपल्याकडं कृष्णेला पूर येतो, उसात बिबट्या असतो, तासगावला बेदाणे वाळतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल काय असतो ते आपल्याला माहीत आहे. यातलं काहीच त्या यादीत नसतं.

लायसन्स आहे म्हणजे काय आहे?

"सर, आपलं सगळं लायसन्ससहित आहे" असं बरेचजण सांगतात. कसलं लायसन्स, ते विचारा. बहुतेक वेळा शॉप अ‍ॅक्ट निघतं. कामगार थोडेच असतील तर तो कागद म्हणजे 'मी इथं व्यवसाय करतोय' अशी ऑनलाइन दिलेली सूचना असते. कुणी साहेब येऊन पिंजरे मोजून गेलेला नसतो.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्यांसाठी नियम केले, २०१८ मध्ये पेट शॉपसाठी केले. दोन्हीत राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. नुसत्या बोर्डिंगसाठी मात्र तसा वेगळा केंद्रीय नियम नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सगळ्यांनाच लागू आहे. त्याच्या कलम ११ मध्ये अपुऱ्या साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, प्राण्याला हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, हे गुन्हेच आहेत. पण तो कायदा वाईट घडल्यावर कामाला येतो. तुम्ही कुत्रं सोडायच्या आधी ती जागा कुणी तपासून दिलेली नसते. तपासणारे तुम्हीच.

एक गोष्ट मात्र या नियमांमधून हाती लागते. बोर्डिंगवाला त्याच जागेत पिल्लं काढून विकत असेल, तर त्याच्याकडं पैदासीच्या नोंदणीचा कागद हवा. तो नसेल तर सरळ निघून यायचं. असला माणूस दुसऱ्याच्या कुत्र्याच्या बाबतीत नियम पाळेल, हे काही पटत नाही. शिवाय लहान पिल्लं, अर्धवट झालेली लस आणि रोज नवीन येणारे पाहुणे कुत्रे एका छताखाली, म्हणजे पार्व्होला आमंत्रणच की.

रात्री तिथं झोपतं कोण?

आता मुद्द्याचं. बोर्डिंगची जी काही जाहिरात तुम्ही बघता, ती दिवसाची असते. रीलमध्ये ऊन असतं, गवत असतं, पाच-सहा कुत्री पळत असतात, मागं गाणं असतं. पण तुमचं कुत्रं तिथं दिवसाइतकेच तास रात्रीही असणार आहे. आणि गोष्टी बिघडतात त्या बहुतेक रात्री. फटाके रात्री वाजतात, लाइट रात्री जाते, भिंतीवरून उडी रात्री मारली जाते, आणि पोट फुगतं तेही रात्रीच्या जेवणानंतर.

म्हणून पहिला प्रश्न हाच. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत तिथं कोण असतं? "आम्ही जवळच राहतो" हे उत्तर नाही. "वॉचमन आहे" हेही अर्धंच उत्तर आहे. तो वॉचमन कुत्र्यांसाठी आहे की शेजारच्या गोडाऊनसाठी? त्याला कुत्र्यांची भीती वाटते का? त्याचा फोन नंबर तुम्हाला मिळेल का? जमलं तर त्या माणसाला दोन मिनिटं भेटाच. मालक इंग्लिशमध्ये छान बोलतो, पण रात्री दोनला तुमच्या कुत्र्याजवळ तो नसतो, हा माणूस असतो.

हे इतकं ताणून का सांगतोय ते एका आजारावरून कळेल. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटात हवा भरते आणि जठराला पीळ बसतो. कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण बाहेर काही येत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं घट्ट होतं, ते एका जागी बसत नाही. यात हातात काही तासच असतात आणि ऑपरेशनशिवाय इलाज नाही. रात्री अकराला सुरू झालेलं हे सकाळी सहाला झाडू मारायला आलेल्या पोराला दिसलं, तर उपयोग नाही. सीसीटीव्ही असून काय करणार? कॅमेऱ्यात दिसेल सगळं, बघणारा जागा पाहिजे ना.

त्याला जोडूनच दुसरा प्रश्न. रात्री काही झालं तर कुठल्या डॉक्टरांना फोन करता? याचं उत्तर तिथल्या तिथं, नावासकट यायला हवं. "बघू, कोणीतरी असतंच" म्हणाला तर समजून जा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याच्या वाटेवरच. सातारकरांना तो एक आधार आहे. पण साताऱ्याहून रात्री तिथं गाठायचं तर गाडी लागते, ड्रायव्हर लागतो आणि कुत्र्याला मागच्या सीटवर धरून बसणारा एक माणूस लागतो. बोर्डिंगवाल्याकडं या तिन्ही गोष्टी रात्री आहेत का? विचारायला लाजू नका. खरा माणूस असेल तर त्याला हा प्रश्न आवडतो. त्याने त्या रात्री काढलेल्या असतात.

भिंतीच्या फटी बघा

जागा बघायला जाताना फोन करून जा, पण वेळ त्याच्या नाही, तुमच्या सोयीची सांगा. शक्यतो दुपारची. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी तीनला त्या शेडमध्ये स्वतः पाच मिनिटं उभं राहायचं. तुम्हाला गुदमरलं तर केसाळ कुत्र्याला काय होत असेल? माणसासारखा सगळ्या अंगाला घाम कुत्र्याला येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. ज्या घरात पग आहे त्यांनी उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडचा विचारच सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत गेल्यावर आधी नाक वापरा. कुत्र्यांचा वास येणारच, तो येऊ दे. पण डोळ्यांत चुरचुरणारा मुताचा वास आला, तर धुणं वेळेवर होत नाही. उलट फिनेलचा नुसता भपका असेल तर तुम्ही येणार म्हणून आत्ताच धुतलंय.

मग भिंती बघा. खरंच, भिंती. फरशीचे सांधे, दाराच्या चौकटीमागची जागा, लाकडी पाट्यांच्या खालची बाजू. आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिऊन झाल्यावर खाली पडते, भिंतीच्या फटीत चढते आणि तिथं हजारो अंडी घालते. म्हणजे एका पाहुण्या कुत्र्याने आणलेली गोचीड पुढं कित्येक महिने त्या जागेत राहू शकते. तुमच्या कुत्र्याला कितीही चांगलं औषध लावलेलं असू दे, अशा जागी आठ दिवस राहिलं की धोका आलाच. गोचीड ताप आपल्या भागात किती कुत्र्यांचा जीव घेतो, हे कुठल्याही व्हेटच्या बाकड्यावर अर्धा तास बसलात तरी कळेल. फटीत तपकिरी ठिपके हलताना दिसले की नमस्कार करायचा आणि बाहेर पडायचं. "औषध मारतो उद्या" यावर थांबू नका. अंडी एका फवारणीत जात नाहीत.

आणि एक उलटी खूण सांगतो. बोर्डिंगवाल्याने तुम्हाला लशीचं कार्ड मागितलं का? मागितलं नसेल तर तिथं असलेल्या बाकीच्या कुत्र्यांचंही मागितलेलं नाही. रेबीजची लस चालू असणं ही तर किमान अट. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर कुत्रा काय, माणूसही वाचत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो यांची एकत्र लस वेळेवर झालेली हवी. त्यावर केनेल कफची लस हवी का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. जिथं कुत्री एकत्र राहतात तिथं हा खोकला शाळेतल्या सर्दीसारखा पसरतो. आणि लस आज टोचली आणि उद्या कुत्रं सोडलं, असं चालत नाही. अंगात ताकद यायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. म्हणजे दिवाळीचं बोर्डिंग हे दसऱ्यालाच ठरायला हवं.

कार्डावर "आमचा विश्वास आहे तुमच्यावर, राहू दे" म्हणणारा बोर्डिंगवाला प्रेमळ वाटतो. मला त्याची भीती वाटते.

सांगलीकरांनो, पाणी कुठवर आलं होतं?

सांगलीत जागा निवडताना एक प्रश्न असा आहे जो देशातल्या कुठल्याच यादीत सापडणार नाही. "२०१९ ला तुमच्याकडं पाणी आलं होतं का?"

प्रत्येक सांगलीकराला आपल्या गल्लीचं उत्तर इंचात पाठ आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० च्या वर. वर सातारा जिल्ह्यात कोयनेतून विसर्ग वाढला की कराडच्या संगमावरून ते पाणी खाली आपल्याकडं येतं. म्हणजे इशारा मिळतो, वेळही मिळतो. पण त्या वेळेत दहा कुत्री हलवायची तर तयारी आधीची लागते.

कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, शामरावनगर या बाजूला जागा असेल तर पावसाळ्यात तिथं ठेवूच नका असं मी म्हणत नाही. पण पाणी ४० फुटांवर गेलं की तुम्ही कुत्री कुठं हलवता, हे विचारा. ज्याने २०१९ काढलंय त्याच्याकडं याचं उत्तर असतंच. विश्रामबागेत किंवा मिरजेला पर्यायी जागा, टेम्पोवाल्याचा नंबर, पिंजरे, कुठल्या कुत्र्याचं कुठल्याशी जमत नाही याची आठवण. "आपल्याकडं नाय येत ओ पाणी" एवढंच म्हणाला, तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो भिंतीवरची खूण दाखवेल.

दुसरं म्हणजे, तुम्ही स्वतःच परत येऊ शकला नाहीत तर? २०१९ ला कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. चार दिवसांसाठी सोडलेलं कुत्रं दहा दिवस राहिलं, तर त्याचं खाणं, त्याची औषधं पुरणार आहेत का? पावसाळ्यात जाताना रोजच्या गोळ्या दुप्पट देऊन ठेवा. आणि पूर ओसरल्यावरच्या चिखलात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्यावरून माणसालाही. म्हणून वर लेप्टोच्या लशीचं नाव घेतलं.

बेदाणे, ऊस आणि बिबट्या

हल्ली शेतातल्या बोर्डिंगची फॅशन आहे. फार्म स्टे म्हणतात. मोकळी हवा, मोकळं रान. तासगाव, मिरज, वाळवा, कराड या पट्ट्यात असं बरंच सुरू झालंय, आणि कल्पना वाईट नाही. पण तुमचं कुत्रं फ्लॅटमधलं आहे. त्याला रानातलं काय खाऊ नये ते माहीत नाही.

सांगली जिल्ह्यात सगळ्यात आधी विचारायचं ते द्राक्षांचं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. गंमत म्हणून सांगत नाही, किडनी निकामी होते. का होते यावर बरीच वर्षं कोडं होतं, अलीकडं द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं जातं. चिंचेतही तेच आम्ल असतं, म्हणून चिंचही दूरच ठेवलेली बरी. किती खाल्लं तर चालतं, असा आकडा कुणी देऊ शकत नाही. एखादं कुत्रं घोसभर खाऊन टुणटुणीत राहतं, दुसरं मूठभर बेदाण्यांत आडवं होतं. बेदाणा म्हणजे आटवलेलं द्राक्ष, त्यामुळं तो जास्तच वाईट. आधी उलट्या होतात, कुत्रं मलूल पडतं, मग लघवी कमी होत जाते. खाल्ल्याचं कळल्या कळल्या डॉक्टरकडं नेलं तर वाचायची शक्यता चांगली असते. लक्षणांची वाट बघत बसलं की वेळ गेली.

आता विचार करा, ज्या जिल्ह्याचा बेदाणा देशभर जातो, जीआय मानांकन मिळवून बसलाय, तिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेशेजारच्या बोर्डिंगला कुत्रं मोकळं सोडायचं. खाली द्राक्षं पडलेली, शेडवर बेदाणे सुकायला घातलेले. बेदाणे आपल्या घरात इतके सहज असतात की ते विष असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात असतात, खिरीत असतात. सांभाळणाऱ्या घरातली आजी कौतुकानं प्रसादाचा शिरा भरवते. तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण तिला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे, आणि ते काम तुमचं. चॉकलेट आणि कांद्याचंही त्यातच सांगून टाका. बागेत फवारणी कधी झाली, तेही विचारून घ्या.

बिबट्याचं थोडक्यात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोल्याच्या बाजूला विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता. वजनाच्या हिशोबात सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. तिथल्यासारखाच उसाचा मुलूख कराड, पाटण, शिराळा, वाळव्यात आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आणि यवतेश्वरच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी कुणाला नवीन नाही. २०२१ मध्ये तर एक बिबट्या थेट सांगली शहरात शिरला होता. तेव्हा डोंगराकडेला किंवा उसाकडेला बोर्डिंग असेल, तर रात्री कुत्री आत, चारी बाजूंनी आणि वरून बंद जागेत असतात का, एवढं डोळ्यांनी बघायचं. व्हरांड्यात साखळीला बांधतात म्हणाले तर नको. साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही.

कुंपणाचं सगळ्यात जास्त कुणी बघावं, तर ज्यांच्याकडं कारवान किंवा मुधोळ आहे त्यांनी. आपल्या जतच्या बाजूची, सीमेपलीकडच्या मुधोळची ही शिकारी जात. पोस्टाने २००५ मध्ये मुधोळवर तिकीट काढलं होतं. हे कुत्रं उभ्या उभ्या भिंत ओलांडतं, आणि एकदा सशामागं सुटलं की हाका मारत बसा. ज्याने आयुष्यात फक्त लॅब्राडोर सांभाळलेत त्याला हे सांगून कळत नाही. त्याला अजून एक सांगावं लागतं. कारवानच्या बरगड्या दिसतात, त्या दिसायलाच हव्यात. नाहीतर "बिचारं उपाशी ठेवलंय" म्हणून चार दिवसांत भाकरी-दूध घालून घालून पोट बिघडवतात.

मावशीकडं ठेवलं तर?

बोर्डिंगच हवं असं कुठंय? पाचगणीला दोन रात्री जायचंय आणि कुत्रं म्हातारं आहे, तर त्याला हलवूच नका. ओळखीचा कुणी तुमच्याच घरी येऊन झोपत असेल तर ते सगळ्यात बरं. म्हाताऱ्या कुत्र्याला वास ओळखीचा लागतो, मुतायची जागा ओळखीची लागते. दिसत नसेल तर अजूनच.

गावाकडं मावशीकडं ठेवायचं झालं, तर फटकाचं काय ते बघा. गावात दारं उघडी असतात, माणसांची ये-जा असते, आणि बाहेर गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी नव्याला आपल्यात घेत नाही. पहिले दोन दिवस दोर लावूनच बाहेर काढायचं, हे मावशीला नीट समजावून सांगायचं. मावशी म्हणेल, "आमचा मोत्या कधी बांधलाय का?" मोत्याला घरचा रस्ता माहीत होता. तुमच्या ब्रूनोला नाही.

आणि तुमच्यासारखाच एखादा कुत्रेवाला मित्र ठेवून घेत असेल, तर दोन्ही कुत्र्यांची आधी बाहेर, मोकळ्या मैदानात ओळख करून द्या. थेट घरात नेऊन सोडलं की घरचं कुत्रं आपली हद्द राखणारच.

एक रात्र आधी

जागा आवडली, माणूस पटला, तरी पहिल्याच वेळी आठ दिवस नको. आधी एक रात्र ठेवून बघा, तेही तुम्ही गावातच असताना. सकाळी आणायला गेलात की तीन गोष्टी बघायच्या. घसा बसलाय का? बसला असेल तर रात्रभर भुंकलंय. पाण्यावर तुटून पडतंय का? आणि सांभाळणारा माणूस हात पुढं करतो तेव्हा ते जवळ जातं की मागं सरतं? पहिल्या दिवशी न जेवणं मात्र मनावर घेऊ नका, बरीच कुत्री नव्या जागी एक वेळ उपाशी राहतात. बोर्डिंगवाल्याने ते स्वतःहून सांगितलं तर उलट जमेची बाजू समजा. "मस्त जेवला, मस्त खेळला, काही टेन्शन नाही" असं प्रत्येकालाच सांगणारे पण असतात.

खाणं घरचंच द्या, दिवसाच्या पुड्या करून. अन्न बदललं की हगवण लागते, आणि मग ती आजाराची की बदललेल्या खाण्याची हे डॉक्टरलाही पटकन कळत नाही. तुमचा वापरलेला टी-शर्ट द्या, न धुतलेला. महागडं बेड नको, ते तिथंच राहतं.

पैशाचं एकच विचारायचं, हिशोब रात्रीवर की चोवीस तासांवर. सकाळी आठला सोडून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेलं तर काही ठिकाणी तीन दिवस लागतात, काही ठिकाणी दोन. यावरून नंतर भांडणं होतात. गणपतीत आणि दिवाळीत दर वाढतो, तो वाढणारच. त्या दिवसांत दर न वाढवता नेहमीपेक्षा दुप्पट कुत्री घेणाऱ्यापेक्षा, दर वाढवून "जागा भरली" म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. मिरवणुकीचा रस्ता शेजारून जातो का, हेही याच वेळी विचारा. डॉल्बी लागला की आपल्या छातीत धडधडतं, त्याला तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं.

सगळं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकायचा. करारनामा, स्टॅम्प पेपर असलं काही नको, पण लिहिलेलं हवं. कुत्र्याचं नाव, वय, औषधं. आपल्या डॉक्टरांचा नंबर. मी फोनवर नाही सापडलो तर कुणाला विचारायचं त्याचा नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: "माझा फोन लागला नाही तर थांबू नका, डॉक्टरकडं न्या, इतक्या रुपयांपर्यंत मला न विचारता खर्च करा." ती रक्कम तुम्ही ठरवा, पण आकडा लिहा. तुम्ही बामणोलीला, कोयनेच्या पाण्याकडेला, फोनला रेंज नाही. इकडं कुत्रं उलट्या करतंय आणि सांभाळणारा विचार करतोय, नेऊ का नको, नंतर पैसे देतील का. हा विचार करण्यात वेळ जाऊ नये म्हणून ते वाक्य. त्याने त्यावर "हो" असा रिप्लाय केला पाहिजे. अंगठ्याची इमोजी नको, "हो" लिहायला सांगा.

घरी आणल्यावर

परत आणल्या दिवशी सगळं छान असतं. शेपूट हलतेय, सोफ्यावर उड्या, आपणही खूश. पण तिथं काही लागलं असेल तर ते अजून दिसायचंय. केनेल कफ दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. पार्व्हो साधारण आठवडाभरात, कधी त्याहून थोडा उशिरा. गोचीड तापाला तर एक ते तीन आठवडे लागतात, तोपर्यंत आपण बोर्डिंगची गोष्ट विसरून गेलेलो असतो. म्हणून आणल्याच्या दिवशी कानांच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली हात फिरवून गोचीड शोधा. आणि पुढचे तीन आठवडे अधूनमधून ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हिरड्या फिक्या पडल्या, खाणं कमी झालं, अंग गरम लागलं, नाकातून रक्त आलं, तर रक्ततपासणी त्याच दिवशी. डॉक्टरांना न विचारता सांगा की पंधरा दिवसांपूर्वी बोर्डिंगला होता.

आणि रिपोर्टमध्ये काही निघालं तर बोर्डिंगवाल्यालाही फोन करा. भांडायला नाही. त्या आठवड्यात तिथं अजून सात-आठ कुत्री होती, त्यांच्या घरी अजून कुणी हिरड्या बघितलेल्या नसतील.